चौघांची खुर्ची

दुबईतल्या एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात माझ्या नातवाला थर्सडे म्हणायचे. बाकीची तीन मुलं मंडे, ट्यूजडे आणि वेनसडे. मॅनेजरला नावं पाठ होत नव्हती आणि पाठ करायची त्याला गरजही नव्हती. जो वार, तो मुलगा.

हे कळायला शाळेची तऱ्हा आधी सांगावी लागेल. शारजात फादर लोकांची एक शाळा आहे. फक्त मुलांची, नववी ते बारावी. ज्यांच्या आईबापांना इथल्या शाळांची फी झेपत नाही अशी मुलं तिथे घेतात. इथे फी झेपली नाही की दोनच वाटा, बायकापोरांना गावी पाठवायचं नाहीतर पोराला घरी बसवायचं. घरी बसलेली पोरं आमच्या बिल्डिंगमध्ये पुष्कळ आहेत. दुपारी उठतात आणि जिन्यात मोबाईल घेऊन बसतात. मी पिशव्या घेऊन वर चढते तेव्हा पाय बाजूला घेतात, तेवढं एक वळण त्यांना असतं.

फादरांनी त्यावर असा तोडगा काढला की मुलाने आठवड्यातला एक दिवस ऑफिसात काम करायचं आणि बाकीचे दिवस शिकायचं. त्या दिवसाचे पैसे मुलाच्या हातात येत नाहीत. कंपनी ते शाळेला देते, त्यातून फी वळती होते. पण कंपनीला एका दिवसाचा नोकर काय कामाचा? म्हणून एक खुर्ची चार मुलांत वाटतात. सोमवार ते गुरुवार रोज एक जण जातो. शुक्रवारी ऑफिस अर्धा दिवस, तेव्हा सगळे वर्गात. चार मुलं मिळून कंपनीला एक पुरा माणूस. अट एकच, खुर्ची रिकामी राहता कामा नये. रिकामी राहिली तर कंपनी ती काढून घेते आणि चौघांची शाळा जाते.

मी त्या शाळेची स्वयंपाकीण. वसईला चौथीपर्यंत शिकले, तीही रडतखडत. इथे आले ती एका अरबाच्या घरी भांडी घासायला. तिथून फादरांच्या स्वयंपाकघरात आले आणि मग मुलाला बोलावून घेतलं. मुलगा एसी दुरुस्त करतो. दुबई मरीनाच्या उंच इमारतींवर बाहेरून दोरावर लटकतो. सून आणि नात गावी परत गेल्या, कारण फीच. नातू राहिला तो या शाळेमुळे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. याने पाहावं एवढंच मला हवं होतं. इंजिनीअर, डॉक्टर असलं काही डोक्यात नव्हतं. कॉलेजात जावं आणि कुठल्याही दोरावर लटकू नये.

कामावर जाणाऱ्या मुलांना मी सकाळी खिडकीतून डबा देते. ऑफिसच्या डब्याला वास चालत नाही. पहिल्या वर्षी मी एकाला सुकटीची चटणी दिली होती तर संध्याकाळी येऊन म्हणाला, "आंटी, पूरा ऑफिस भाग गया! मॅनेजर ने खुद खिडकी खोली." तेव्हापासून कामाच्या डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी, नाहीतर अंड्याचं सँडविच. वर्गात बसणारी मुलं दुपारी हॉलमध्ये जेवतात, त्यांना मासळी चालते.

नातू बारावीत गेला त्या वर्षी एका सोमवारी तो खिडकीशी आला. म्हणाला, "मंडेचा डबा दे. मी देतो त्याला."

दिला. आणि सवयीने बाहेर पाहिलं. डबा घेऊन तो स्वतःच व्हॅनमध्ये चढला. पांढरा शर्ट, निळा टाय, गळ्यात कार्ड.

संध्याकाळी विचारलं, "आज तुझा वार नव्हता."

"ही हॅज चिकनपॉक्स, आजी. चेअर एम्प्टी नाही ठेवता येत. रूल आहे."

हे बरोबर होतं. मंडे हा केरळचा मुलगा, त्याच्या अंगभर फोड आले होते. तो बरा होईपर्यंत माझा नातू सोमवारी गेला.  आजारी माणसाचं काम दुसऱ्याने करायचं असतं.

पण फोड गेले, खपल्याही पडल्या, आणि सोमवारचा डबा माझा नातूच नेत राहिला. मग मंगळवारचाही. मंगळवारवाला मुलगा फिलिपिनो, फार हुशार, त्याला स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायचं होतं. सोमवारवाल्याने शेजारच्या अजमानला संध्याकाळचा कुठलासा क्लास लावला होता, ऑफिसातून सुटून तो गाठता येत नव्हता. बुधवारवाला गोव्याचा, तो मधूनमधून "आज डोकं दुखतंय" म्हणायचा. चौघांनी आपसात ठरवलेलं होतं. मॅनेजरला काही फरक पडत नव्हता. त्याला खुर्चीत पांढरा शर्ट दिसला की झालं. उलट त्याला माझा नातूच बरा वाटायचा, कारण रोज नव्याने सांगावं लागत नव्हतं.

एका रात्री जेवताना मी त्याला धरलं.

"तुझं गणित कच्चं आहे आणि तू दुसऱ्यांचे वार भरतोस?"

"चिल, आजी. आय नो दॅट वर्क. आय एम गुड ॲट इट."

"कामात गुड असून काय करायचंय? कामात गुड तर गाढवही असतं."

त्याचा बाप हसला. नातू हसला नाही. पोरगा आमच्याशी इंग्रजीत बोलतो, पण मनातलं काही असलं की मराठीत येतो. म्हणाला, "वर्गात सर सारखं विचारतात, समजलं का, समजलं का. मला नाही समजत. ऑफिसात मी ड्रायव्हर लोकांना समजावतो, कुठला कागद कुठे दाखवायचा ते. ते मला सर म्हणतात."

मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. 

त्याच्या बापाने मान डोलावली. "मॅनेजरशी बोललोय मी, आई. म्हणतो, थर्सडे गुड बॉय. बारावी झाली की व्हिसा देतो. इन्शाल्ला."

"बारावी झाली की, असं म्हणाला ना? मग बारावीच्या वर्गात कोण बसणार? मी?"

"तू बस. तुझी चौथी नाहीतरी कच्चीच आहे."

दोघे हसले. मी भांडी उचलली. इथल्या माणसाला व्हिसा म्हटलं की पुढचं ऐकू येत नाही. मलाही येत नसे, म्हणून त्याला फार बोलले नाही.

पण मोठ्या फादरांकडे गेले. डाळ गॅसवर तशीच ठेवून, पदर खोचून, वर त्यांच्या खोलीत. फादर मंगळूरचे. माझ्याशी हिंदीत बोलतात, मी मराठीत बोलते, इतक्या वर्षांत अडलं नाही.

"फादर, माझा नातू चार-चार दिवस कामावर जातोय. तुम्हाला ठाऊक आहे?"

त्यांनी मला बसायला सांगितलं, म्हणजे ठाऊक होतं.

"आंटी, वो चेअर खाली रही तो चारों बच्चों का नुकसान होगा. कंपनी वाले पहले ही बोल रहे हैं, हमको एक फुल-टाइम आदमी दे दो. एग्झाम तक थोडा ॲडजस्ट."

"परीक्षा त्यालाही आहे."

"मैं खुद पढाऊंगा उसको. शाम को."

आणि शिकवलं त्यांनी. खोटं का बोलू? कितीदा तरी संध्याकाळी त्याला समोर घेऊन बसले. पण पोरगा दुबईहून सुटणार, शारजाच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकणार, येऊन पुस्तकावर मान टाकणार. फादर वाईट माणूस असते तर शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. त्यांनी चार मुलं तोलली आणि एकाचं पारडं वर गेलं. तो एक माझा होता.

बोर्डाच्या परीक्षेला बसायचं तर वर्गातली हजेरी लागते. गुरुवार शाळेच्या कामात धरला जात होता. बाकीच्या वारांना ऑफिसातल्या मुलाची हजेरी कुणी मांडणार? ज्यांच्या जागी तो जात होता ती मुलं वर्गात होती, त्यांची लागली. याची लागली नाही. फादरांनी बोर्डाला पत्रं लिहिली, फोन केले. बापाने एका डॉक्टरकडे खोट्या आजाराचा कागद मागितला, डॉक्टरने हाकलून दिलं. बरं केलं.

एका दुपारी फादरांनी आम्हा तिघांना बोलावलं आणि सांगितलं की हा बसू शकत नाही.

पोरगा जमिनीकडे बघत होता. बाप म्हणाला, "पुढच्या वर्षी परत बसवा, फादर."

फादर म्हणाले, पुढच्या वर्षी खुर्ची लागेल. सगळ्या खुर्च्या पुढच्या मुलांना देऊन झालेल्या. मागतो, विचारतो. त्यांनी विचारलं. एकही खुर्ची मिळाली नाही. खुर्ची नाही तर फी नाही आणि फी नाही तर वर्ग नाही. ही शाळेची रीत मला कोणी समजवायला नको होती, रोज त्या रीतीचे डबे मीच भरते.

खिडकीपाशी गेले तर सोमवारवाला तिथे उभा. रडत होता. "आंटी, उसने खुद बोला था. बोला, तुम पढो, मैं संभालता हूँ."

"माहीत आहे," मी म्हटलं. "जेवून घे."

त्याला काय बोलणार? माझ्या नातवाने खरंच स्वतः म्हटलं असेल. शाळेत पहिल्यांदाच त्याच्याकडे दुसऱ्याला देण्यासारखं काही होतं.

बाप मॅनेजरकडे गेला. मॅनेजर भला माणूस, कॉफी पाजली, हबीबी हबीबी केलं. म्हणाला, बारावीचा दाखला नसेल तर क्लार्कचा व्हिसा निघत नाही, खलास, माझ्या हातात नाही. पण खाली गोदामात हेल्पर लागतो. थर्सडे गुड बॉय, त्याला मी दुसरीकडे जाऊ देणार नाही.

तर तो गोदामात लागला. त्याच कंपनीत, त्याच इमारतीत, फक्त खाली. खोकी उचलतो, ट्रकमध्ये भरतो. ज्या ड्रायव्हरांना तो कागद समजवायचा ते आता त्याला "यल्ला, यल्ला" म्हणून पिटाळतात. खालीही त्याला थर्सडेच म्हणतात, सगळे वार काम करतो तरी. बाहेरून परीक्षा देता येते म्हणून फादरांनी पुस्तकं दिली. ती पलंगाखाली आहेत. झाडताना मी ती पुढे ओढते आणि परत मागे ढकलते.

निकालानंतर शाळेचा निरोपाचा समारंभ झाला तेव्हा नातू आला नाही. त्याची ड्युटी होती. सकाळी मिस्साची प्रार्थना झाली, मग हॉलमध्ये टोप्या घालून मुलांचे फोटो. बिर्याणी मीच केली. खुर्चीतले बाकीचे तिघेही कॉलेजात चाललेले, एक केरळला, एक मनिलाला, एक गोव्यात. जेवण झाल्यावर तिघे आत आले. फिलिपिनो मुलाने माझा हात घेऊन कपाळाला लावला, त्यांच्यात मोठ्यांचा आशीर्वाद तसा घेतात. हाताला तूप होतं, त्याच्या कपाळाला लागलं. गोव्याच्याने पेढ्यांचा बॉक्स दिला.

"आंटी, उसको भी देना."

"देईन."

दिला मी. नातवाने दोन खाल्ले, बाकीचे डब्यातून गोदामात नेले आणि वाटले. तिकडे त्याला विचारलं म्हणे, कशाचे पेढे? हा म्हणाला, माझे मित्र पास झाले.

सून फोनवर दिसते तेव्हा अजून विचारते, पोराच्या परीक्षेचं काय? तिला बापाने सांगितलं आहे की पुढच्या वर्षी. मी फोनपासून लांब बसते. मला खोटं बोलता येत नाही आणि खरं ऐकून ती तिथे एकटी काय करील?

गेल्या आठवड्यात तो कामावरून आला तो खुशीत. बूट काढता काढता म्हणाला, "आजी, माझा पांढरा शर्ट कुठे आहे?"

"कशाला?"

"नवीन मंडे आजारी आहे. मॅनेजर म्हणाला, चेअर एम्प्टी आहे, थर्सडे, उद्या तू वर बस. वन डे ओन्ली. इस्त्री करशील?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतकं खुश मी त्याला वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्याचा बाप पलंगावर पडून मोबाईल बघत होता, त्याने मान वर केली नाही.

ट्रंकेतून शर्ट काढला. घडीवर पिवळी रेघ आली होती, ती साबण लावून घालवली, पंख्याखाली वाळवला आणि इस्त्री केली. टायही तिथेच होता, गाठ मारलेला, शेवटच्या गुरुवारी काढला तसाच.

सकाळी त्याने शर्ट चढवला. बाह्या दंडाला घट्ट झाल्या होत्या आणि गळ्याचं बटण काही लागेना. मी ओढून पाहिलं, त्याने श्वास धरून पाहिला. खोकी उचलून मान जाड झाली आहे.

"राहू दे," तो म्हणाला. "टाय वर घेतला की दिसणार नाही."

मी टायची गाठ वर सरकवली, बटण झाकलं, आणि त्याच्या हातात डबा दिला. बटाट्याची भाजी होती. वास नसलेली.