मेढीला दिलेला पुरता गिलास

माझा आवाज कुठून येतो, हे मला अर्धं आयुष्य पक्कं ठाऊक होतं. गिलासातून. गळा ही त्याची फक्त बाहेर पडायची वाट. म्हणून गिलास सुटला तेव्हा दारू सुटल्याचा आनंद मी दोन दिवससुद्धा केला नाही. आता माझ्याकडे उरलं काय, या विचारानं मी माझ्या ओटीवर गप्प बसून राहिले. आणि मी गप्प बसणं ही आमच्या गावात बातमी होते, हे मी मोठ्या अभिमानानं सांगते.

मी धवलारीण. आमच्या मुरबाडकडे लग्नात धवलारीण गाणी म्हणते, त्यांना धवळे म्हणतात. हळद लागायच्या आधी ती एकेका देवाला नावानं हाक मारून मांडवात बोलावते. तिनं बोलावल्याशिवाय देव येत नाहीत, आणि देव आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. म्हणजे बघा, पत्रिका कोणीही छापो, देवांना आमंत्रण माझं! मी नऊवारीचा काष्टा आवळून मांडवात उभी राहिले की माइकवाला पोरगा आपणहून माइक बाजूला न्यायचा.

पण या कामाला एक रीत जोडलेली होती. गाणं सुरू व्हायच्या आधी घरातला कर्ता पुरुष धवलारणीच्या हातात मोहाच्या दारूचा गिलास द्यायचा. मानाचा गिलास. तिनं त्यातले दोन थेंब मांडवातल्या उंबराच्या मुहूर्तमेढीला, देवाच्या नावानं द्यायचे आणि उरलेला स्वतः घ्यायचा. नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. देवाच्या वाट्याला थेंब आणि माझ्या वाट्याला गिलास, हा हिशेब मला लहान वयातच फार पसंत पडला. पुढे लग्नसराई संपली तरी माझी सराई संपेना. शेवटी एका लग्नात मी नवरानवरीच्या जागी नवरदेवाच्या आईबापांची नावं घेतली आणि भर मांडवात त्यांचं दुसऱ्यांदा लग्न लावून दिलं. लोक हसले, मीही हसले, आणि हसता हसता हळदीच्या ताटावर पडले. पुरुष पिऊन पडला तर त्याला चार जण उचलून घरी नेतात. बाई पडली की चार जण आधी मोबाइल काढतात. माझ्या लेकीनं तो व्हिडिओ तिच्या सासरी बघितला. दुसऱ्याच दिवशी ती आली आणि मला शहापूरला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली.

तिथल्या औषधांचं आणि उलट्यांचं वर्णन मी करत नाही, त्याला चाल लावता येत नाही. पण नंतर दर आठवड्याला बायकांची जी बैठक भरायची, तिथे मला सुशीला भेटली. सुशीला एसटीत कंडक्टर होती, आता निवृत्त. माझ्याआधी कितीतरी वर्षं तिनं बाटली सोडलेली. घर बौद्ध, वाणी कडक, आणि देवाचं नाव काढलं की भुवया वर. पहिल्या दिवशी मी रडत होते तर ती म्हणाली, "रडून झालं की सांग. मग पुढं सरक, मागच्या बायांना जागा पायजे." मला वाटलं, हिचं माझं जमणार. ती रोज सकाळी मला फोन करायची. उपदेश नाही, चौकशी नाही. नुसतं विचारायची, "गाडीत हायस का उतरलीस?" मी म्हणायची, "हाय गो, दांडा धरून उभी हाय." एवढ्यावर माझा दिवस निघायचा. लाज वाटत नाही अशी एक जरी जागा बाईला मिळाली ना, की तिची मान हळूहळू आपोआप वर येते.

मान वर आली, पण आवाज नाही. वर्षभर मी एकही धवळा म्हटला नाही. घरात कोणी नसताना म्हणून बघितलं, तर गळ्यातून नुसती खरखर. अशात टोकावड्याहून माझा भाऊ दामू आला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. भाची हट्टाला पेटली होती, "आत्ये, माझे देव तूच बोलवायचे. दुसरी कोणी आली तर मी हळद लावून घेनार नाय." गिलास न घेता गायला उभी राहिले आणि आवाज फुटला नाही, तर भाचीच्या लग्नात शोभा. घेतला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी मी परत येईन याची मलाच खात्री नव्हती. दामूला कसं सांगणार? मानाचा गिलास त्याच्याच हातून यायचा होता.

हळदीच्या आदल्या दिवशी मी गावदेवीच्या देवळात गेले. हात जोडले, पण सवयीनं भांडलेच. म्हटलं, "बाई, जन्मभर तुला दुसऱ्यांच्या मांडवात बोलावलं. कधी बिनबोलावता माझ्याकडे आलीस? उद्या मी तुला भाचीसाठी हाक मारीन. तू मात्र माझ्यासाठी ये." देवीनं ऐकून घेतलं. ती माझ्यासारखी बडबडी नाही.

सकाळी सुशीला शहापूरहून दोन गाड्या बदलून आली. म्हणाली, "देव-बीव तुझं तू बघ. मी तुझ्या बाजूला बसनार, बस." मांडव माणसांनी भरला. दामू नवा सदरा घालून आला, हातात भरलेला गिलास. "बाय, मान हाय. नाय बोलू नको." वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं, हे मी लपवत नाही. सुशीलानं माझं कोपर धरलं, पण गिलास हिसकावला नाही. आमच्या बैठकीत तसं कोणी करत नाही, आपला गिलास आपणच सोडायचा असतो. आणि माझ्या हातानं तो गिलास घेतला. रीतीप्रमाणे मी मेढीजवळ गेले, दोन थेंब सांडले, आणि तिथेच थिजले.

मेढीला टेकून एक म्हातारी बसली होती. विटकं हिरवं लुगडं, तोंडात दात नाही. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "थेंब-थेंब काय देतंस गो देवाला? एवढ्या वर्सांचा तो तहानलेला. आज पुरती दे की!"

मांडव हसला. माझ्या हातात काय शिरलं देव जाणे, मी सगळा गिलास मेढीच्या बुडाशी उपडा केला. दामूचं तोंड उघडंच राहिलं. म्हातारी त्याला म्हणाली, "बघतोस काय? देवाचा मान देवाला पोचला. आता बहिनीला पेज आन, मीठ घालून." आणि माझा भाऊ, जो बायकोनं पाणी मागितलं तरी उठत नाही, तो पेज आणायला धावला!

ऊन ऊन पेज घशाखाली गेली आणि मी पहिली हाक मारली. "ये गं गावदेवी..." आवाज फुटला खरा, पण पातळ, पायाखालून फळी सरकल्यासारखा. दुसऱ्या देवाला कसंबसं बोलावलं. तिसऱ्या ओळीला शब्दच गेले. पूर्वी अशा वेळी मी जोरात काहीतरी ठोकून द्यायची. त्या दिवशी जोरच नव्हता. मी डोळे मिटले आणि मनात देवीला म्हटलं, जा, नाही येत मला. तुझं तू बघ.

आणि मागून ती ओळ आली. म्हातारीची, चिरकी पण सुरात. तिच्यामागे माझ्या भावजयीनं धरली, मग साऱ्या बायकांनी. सुशीलाला शब्द येत नव्हते, ती नुसत्या टाळ्या वाजवत होती, त्याही चुकीच्या ठेक्यात. मला ओळ परत मिळाली तेव्हा माझा आवाज माझी वाट बघत उभा होता. पूर्वीसारखा गडगडाटी नाही. खालचा, स्वच्छ, पाण्याचा तळ दिसावा तसा. इतकी वर्षं मी जे गात आले त्यातला शब्द न् शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला. सगळे देव बोलावले. नवरीचं नाव नवरीला मिळालं, नवरदेवाचं नवरदेवाला, आणि त्याचा बाप सुखरूप सुटला. शेवटी भाचीनं हळदीच्या हातांनी मला मिठी मारली. लेक कोपऱ्यात उभी राहून व्हिडिओ काढत होती. या वेळी मी तिला सांगितलं, सगळ्यांना पाठव.

म्हातारीनं दोन पत्रावळी जेवून वर पुन्हा वांग्याची भाजी मागून घेतली आणि निघून गेली. कोण होती? आम्हाला वाटलं, नवऱ्याकडची. त्यांना वाटलं, आमच्याकडची. सुशीला म्हणाली, "फुकटी होती गो ती. लग्नात घुसून जेवनारी. गाडीत अशा किती बघितल्या मी, तिकीट मागितलं की झोपायच्या." असेलही. आमच्याकडच्या कुठल्याही म्हातारीला धवळे तोंडपाठ असतात, हे मलाही कळतं. पण देवीला भूक लागत नाही असं मला कोणी सांगितलेलं नाही. आणि मी हाक मारली होती, हे तर खरं.

आता मी पुन्हा लग्नं करते, म्हणजे लावते. बैठकीतल्या दोघी जणी माझ्यामागे ओळ धरायला येतात. एकीचा आवाज तर माझ्याहून गोड आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, डोक्यात जाईल. आमच्या भागात काही घरांत आता अख्खा गिलास मेढीला देतात आणि धवलारणीला पेज. ही रीत आपणच काढली असं दामू सगळीकडे सांगत फिरतो. फिरू दे. मी समजत होते, आवाज म्हणजे माझी ताकद, ती मी घट्ट धरली पाहिजे. ज्या दिवशी हात सैल सोडला, त्या दिवशी ओळ धरायला मागे किती जणी आहेत ते दिसलं.

सगळे देव बोलावून झाले की मी शेवटी एक हाक जास्त मारते. त्या हाकेला नाव नाही. "मेढीपाशी बसलेल्या म्हातारे, ये गो, जेवायला ये." लोकांना वाटतं तोही जुनाच धवळा आहे. मी एक पत्रावळ मेढीजवळ मांडून ठेवायला लावते, वांग्याची भाजी जरा जास्त वाढून. सुशीला भुवया वर करते. पण मांडवात कोणी अनोळखी म्हातारी दिसली, तर हात धरून तिला त्या पानावर नेऊन बसवते तीच.