आप्पांनी निवडलेलं कुलूप

त्या दिवशी शाळेतून परत आले तेव्हा कुलूप जागच्या जागी होतं. व्हरांड्याच्या ग्रिलला सकाळी मीच लावलेलं, तसंच. मी ते उघडलं, चपला काढल्या, आत हाक मारली. उत्तर आलं नाही. पुढची खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीचं दार ढकललं. मागच्या दाराला आतून अडसर होता. दोन खोल्यांचं घर, माणूस लपेल अशी जागाच नाही, तरी वाकून पलंगाखाली पाहिलं. ताटलीत अर्धी भाकरी उरली होती. आणि कुलूपबंद घरात आप्पा नव्हते.

आप्पा म्हणजे माझे वडील. गंगाखेडला स्टँडच्या भिंतीला टेकून त्यांनी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली, किल्ल्या बनवल्या. आमच्या लिंगायत वाण्यांच्या घरात बाकी सगळे दुकानात नाहीतर नोकरीत. हेच तेवढे कानस घेऊन रस्त्यावर बसले, आणि त्याचा त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. माझं लग्न टिकलं नाही. शाळेत क्लार्कची नोकरी होती, भाऊ हैदराबादला. आई गेल्यावर मी आप्पांजवळ राहायला आले. सुरुवातीला बरं चाललं होतं. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग वार, मग आई गेलीय हेही. हात मात्र काही विसरले नाहीत.

शेजारच्या भाभी शिलाई मशीनवरून उठून आल्या. त्यांनी पाहिलं होतं. "ताई, ते तर बाराच्या आतच गेले. मी समजले, तुमीच किल्ली देऊन गेल्या. ग्रिलमधून हात बाहेर काढला, कुलूप उघडलं, बाहेर आले, परत लावलं, दोनदा ओढून बघितलं आन गेले."

ते सापडले तिसऱ्या गल्लीत. एका घराच्या उंबऱ्यावर बसले होते. मागे दार सताड उघडं, दाराचं कुलूप त्यांच्या मांडीवर. घरची माणसं तेवढ्यात शेतातून परतली होती आणि गल्ली गोळा झाली होती. घरमालकाने आप्पांच्या सदऱ्याची गळपट्टी धरली होती. आप्पा त्याला शांतपणे सांगत होते, "मालक येईस्तोवर बसावं लागतंय. उघडं सोडून जाता येत न्हाई."

"मालक मीच हाव की!"

"मग आत बघा लवकर. आत माणूस हाय. थाप ऐकू यायलीय मला."

आत कुणीच नव्हतं. जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं, स्टँडवरचे कुलूपवाले आप्पा म्हणून, आणि गळपट्टी सुटली. घरमालक वाईट माणूस नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आज वळखणारं कुणीतरी होतं. उद्या नसलं तर लोक चोर म्हणून मारतील. सांभाळा."

घरी आणून त्यांचे खिसे पाहिले. सायकलच्या स्पोकचा एक तुकडा निघाला, टोकाला नीट वाकवलेला.

थाप कुठली, ते मला माहीत होतं. आईने एकदा सांगितलं होतं, आप्पांनी कधीच नाही. माझ्या जन्माआधी राणीसावरगावच्या पुढच्या एका वस्तीवरून त्यांना बोलावणं आलं होतं. एक मुलगा म्हाताऱ्या आईला घरात ठेवून, बाहेरून कुलूप लावून परगावी गेला होता. किल्ली त्याच्यासोबत. दुपारपासून आतून दारावर थापा येत होत्या. दुसऱ्याचं दार मोडायला कुणी धजेना, म्हणून कुलूपवाल्याला आणायला माणूस पाठवला. आप्पा निघाले, वाटेत एसटी बंद पडली, उरलेलं अंतर ते चालत गेले. पोचले तेव्हा थापा थांबल्या होत्या. कुलूप त्यांनी पाण्याचा घोट घ्यायला लागतो तेवढ्या वेळात काढलं. पण दार उघडेना. म्हातारी दाराला टेकूनच गेली होती.

इतकी वर्षं ते आत कुठेतरी दाबून ठेवलं असणार. आता बाकीचं सगळं गळून गेलं आणि तेवढंच उरलं. गावात कुठलंही बंद दार दिसलं की त्यांना आतून थाप ऐकू यायची.

फोनवर भाऊ म्हणाला, "कुलूप बदल. भारीतलं घे." मी पितळी घेतलं, मुठीत मावणार नाही एवढं. आप्पांनी ते दोन दिवसांत उघडलं. या वेळी भाभींनी त्यांना कोपऱ्यावरच गाठून परत आणलं.

मग मी पुन्हा हार्डवेअरच्या दुकानात गेले. कुणी तार घालून उघडणार नाही असं कुलूप पाहिजे, म्हणाले. दुकानदाराने दोन-चार पुढे ठेवली, खोक्यांवरचं वाचून दाखवलं, आणि मग हसला. "खरं सांगू का ताई? मला कुलपातलं जेवढं कळतंय तेवढं आप्पांनीच शिकवलेलं हाय. घरात एवढा जाणकार आन तुमी मला विचारायलाव?" त्याला काय सांगणार? त्यातली तीन कुलपं पसंतीला म्हणून घरी आणली.

रविवारी सकाळी व्हरांड्यात उन्हाला वर्तमानपत्र पसरलं, त्यावर ती मांडली. थोड्या वेळापूर्वीच त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, तुमी कुणाकडं आलाव?" मी त्यांच्यासमोर बसले.

"आप्पा, शाळेच्या सामानखोलीला कुलूप घ्यायचंय. कुठलं घ्यावं?"

त्यांनी पाठ सरळ केली. पहिलं कुलूप उचलून कानाशी हलवलं. "हे खुळखुळतंय. आतल्या पत्र्या सैल हायत. तार घातली की एकेक आपसूक उचलती." ते बाजूला ठेवलं. दुसरं सगळ्यात मोठं होतं. "हे दिसायला पैलवान. पण कडी बग, केवढी उंच. हिच्यात पहार घालून माणूस लटकला की संपलं. आन कडी एकाच अंगानं अडकती. पत्र्याची चिपटी सारली तर किल्ली बी लागायची न्हाई."

तिसरं बुटकं होतं. कडी जाड आणि आखूड, अंगातच बुडाल्यासारखी. त्यांनी कानस मागितली. मी पेटीतून काढून दिली. त्यांनी कडीवर ती दोनदा ओढली. कानस नुसती घसरली, ओरखडासुद्धा उठला नाही. "ह्याच्या पोलादाला पाणी दिलंय चांगलं. कडी दोन्ही अंगांनी धरलीय. पहार शिरायला जागा न्हाई." मग त्यांनी हात पुढे केला. मी स्पोकचा तो तुकडा आणि एक चपटी पट्टी त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली. बोटं थरथरत नव्हती. चमचा धरताना थरथरायची, पण तेव्हा नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भाभींच्या अंगणात कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली. आणि मी समोर बसून मनातल्या मनात म्हणत होते, नको उघडू दे, देवा, ह्यांना हे नको उघडू दे. ज्या हातांनी मला वाढवलं ते हात हरावेत म्हणून मी देवाला विनवत होते.

त्यांनी तार बाहेर काढली. "न्हाई. आतले खिळे लय लबाड हायत. बसल्यासारखे वाटत्यात आन बसत न्हाईत. हे मला उघडता यायचं न्हाई."

"तुमाला बी न्हाई?"

"मला बी न्हाई." चेहऱ्यावर अपमान नव्हता, कौतुकच होतं. "हेच घे. पण आधी कोयंडा बदल. स्क्रू बाहेरून दिसायलेत तुझ्या कोयंड्याचे. कुलूप कितीबी भारी घेतलं तर काय उपेग? आरपार बोल्ट घाल, आतून नट आवळ."

शाळेचा कोयंडा त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते आमच्या ग्रिलकडे बघत होते.

"किल्ल्या किती हायत?"

"तीन."

"एक शेजारी ठेव."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, "शाळेच्या शेजारी कुणी न्हाई, आप्पा."

"आत माणूस असंल तर एक किल्ली शेजारी ठेवावी, माय."

माय. कित्येक महिन्यांनी त्यांनी मला तशी हाक मारली होती. मी मान वर केली नाही. वर्तमानपत्र गोळा करत राहिले.

सोमवारी नवा कोयंडा बसवून घेतला आणि ते कुलूप लावलं. एक किल्ली भाभींना दिली. पहिले काही दिवस संध्याकाळी आले की किल्लीच्या भोकाभोवती बारीक चमकते ओरखडे दिसायचे, रोज थोडे जास्त. मग ते वाढायचे थांबले. भाभी सांगायच्या, आप्पा खुर्ची ग्रिलजवळ ओढतात, हात बाहेर काढून कुलपावर नुसता ठेवतात आणि बसून राहतात. कधी ग्रिलवर थाप मारतात, सावकाश, तीनदा. भाभींनी विचारलं, "काय पाहिजे, आप्पा?" तर म्हणाले, "काय न्हाई. बाहेर ऐकू जातंय का ते बघायलोय."

हे ऐकूनही मी दुसऱ्या दिवशी कुलूप लावून शाळेत गेले. त्याच्यानंतरही रोज तशीच गेले.

परीक्षेचे फॉर्म भरायची गडबड होती तेव्हा, दुपारी, भाभींचा फोन आला. त्या नुसत्या "या, ताई" म्हणाल्या. मी पोचले तेव्हा ग्रिल उघडी होती आणि आप्पा खुर्चीतच होते. कपाळ गजांना टेकलेलं.

आमच्यात पुरतात, बसवून. खाली उतरवून त्यांना बसवताना त्यांची मान तशीच पुढे झुकली. विधी करणाऱ्या जंगमांनी हलक्या हाताने ती सरळ केली. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं, कुणाला त्रास दिला नाही.

भाभींनी उरलेलं पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्या दुपारी आप्पांनी ग्रिलवर थाप मारली होती. त्या किल्ली घेऊन गेल्या, म्हणाल्या, "उघडू का, आप्पा? जरा अंगणात बसा." आप्पा म्हणाले, "नको. लेक आली आन मी न्हाई दिसलो तर भेईल." भाभी मशीनवर परत गेल्या. मशीनच्या आवाजात पुढे थाप आली का नाही, त्यांना सांगता येत नाही. सांगताना त्या रडत होत्या. दोष त्यांचा नव्हता, आणि तेवढंही माझ्या तोंडून लवकर निघालं नाही.

मी अजून त्याच घरात राहते. ते कुलूप परत केलं नाही आणि पुन्हा लावलंही नाही. सुटीच्या दिवशी दुपारी, भाभींची मशीन थांबते तेव्हा, ग्रिलवर तीनदा थाप वाजते. मी उठून जाते. कोणी नसतं. पहिल्यांदा भीती वाटायची. आता भीती वाटते ती उठायला उशीर झाला याची.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका मॅडमनी स्टाफरूममध्ये मला गाठलं. त्यांच्या सासूबाई घरातून निघून जातात, रस्ता चुकतात. "तुमचे वडील कुलपातले जाणकार होते म्हणे. कुठलं घेऊ?" मी सगळं सांगितलं. आखूड कडी, दोन्ही अंगांनी धरलेली, आरपार बोल्ट, शेजारी किल्ली. बोलताना माझ्या तोंडून त्यांचेच शब्द येत होते. मॅडम लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग तुमचे वडील शांत राहायचे ना, कुलूप लावल्यावर?"

मी म्हणाले, "हो."

चार दिवस ते "हो" डोक्यातून जाईना. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ग्रिलला नवं कुलूप होतं, बुटकं. मॅडमनी उघडून आत घेतलं, परत लावलं. स्वयंपाकघरात उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं, थापेसकट. त्या भाजी चिरायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मग मी काय करू? नोकरी सोडू?"

नोकरी मीही सोडली नव्हती. मी निघाले.

बाहेर येऊन बघते तर सासूबाई चपला घालून, पदर सारखा करून ग्रिलजवळ उभ्या. मी त्यांना न्यायलाच आलेय असं त्या धरून चालल्या होत्या. "चला," म्हणाल्या. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी किल्ली आणली.

आम्ही दोघी पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो. त्या भराभर चालत होत्या, मीच मागे पडत होते. गिरणीपाशी थांबून त्यांनी मला निरखून विचारलं, "तुमी कुणाच्या?"

"स्टँडवरच्या कुलूपवाल्याची लेक."

"असं व्हय," त्या म्हणाल्या आणि माझं मनगट धरून पुढे निघाल्या.

आता शनिवारी मी जाते. त्या दर वेळी नव्याने विचारतात. मी दर वेळी सांगते.