पायलटीण आणि तिच्या बॅटऱ्या

मंदे, जरा निवांत बस आणि हे पत्र नीट वाच. मागच्या खेपेला आलीस तेव्हा फोन उशीखाली चार्जिंगला लावून खुशाल घोरत होतीस. मी काही बोलले नाही, पण शेजारची पायलटीण असती तर तिने तुला उठवून बसवलं असतं. म्हणाली असती, "अंग तापलंय याचं, काढा आधी!"

पायलटीण म्हणजे भाऊसाहेबाची बायको. द्राक्षबागांवर ड्रोनने औषध मारायची, म्हणून गावाने हे नाव ठेवलं. माहेर सुरगाण्याकडचं, अंगाने काडीसारखी. ड्रोन खाली उतरला की आधी बॅटरी काढून तिला उपडा हात लावायची, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो तसा. गरम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही म्हणजे नाही. बागाईतदार घाई करायचे, "ताई, एवढी एक फेरी मारून टाक ना!" ही म्हणायची, "दादा, तुम्ही रानातून आल्या आल्या ताटावर बसता का? तिलाबी जरा निवू द्या."

काम नसेल तेव्हा बॅटऱ्या अर्ध्याच भरून पेटीत ठेवायची. "भरल्या पोटी पडून राहिली की फुगते, काकू. फुगली की संपली. मग दाबायची नाय, टोचायची नाय, चार्जिंगला तर लावायचीच नाय." अशांसाठी मागच्या दारी, घरापासून लांब, वाळूची बादली भरून ठेवलेली होती.

भाऊसाहेब एकलहऱ्याला वीज केंद्रात कंत्राटी कामाला. तो हसायचा, "मी दिवसभर विजेत, अन् ही मला बॅटरी शिकवते!" त्याला माहीत ट्रॅक्टरची नि इन्व्हर्टरची बॅटरी. ती रिकामी राहिली की मरते, हे त्याचं खरंच आहे.

यंदा पावसाळ्यात तिची आई पडली, म्हणून ती माहेरी गेली. छाटणीच्या तोंडावर परत आली, तेव्हा मी भाकरी द्यायला गेले होते. भाऊसाहेब तोंडभर हसत ओट्यावर उभा. "चारीच्या चारी फुल्ल ठेवल्यात बघ! बॅटरीवरची एक लाइट उतरली की लगेच चार्जिंगला लावायचो. चहासुद्धा नंतर."

तिने पेटी उघडली. चारी बॅटऱ्यांची पोटं टम्म. एकेकीला उपडा हात लावला.

"अरे, ह्या फुगल्या कशा?" त्याचं हसू गेलं. "माल खराब दिला वाटतं."

"हो," ती म्हणाली. "मालच खराब."

मग म्हणतो, "एकदा उडवून तर बघ."

"नाय हो. वरून पेटून कोणाच्या अंगावर पडलं म्हणजे?"

ती त्या मागच्या दारी वाळूत ठेवत होती, तेव्हा मी तिच्याजवळ गेले. म्हणाली, "कोणावर ओरडू, काकू? लग्नापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाला हात लावला. तुम्ही नका हं सांगू." मी पदराने तिचं तोंड पुसलं, झालं.

नव्या घेणं झेपणारं नव्हतं. ठरलेल्या एकेका बागेला फोन करून तिने नाही म्हणून सांगितलं आणि पुन्हा सुरगाण्याच्या जीपमध्ये बसली. म्हणाली आईसाठी जाते. फुगलेल्या बॅटऱ्या न्यायला भंगारवालाही तयार नाही, घंटागाडीही नाही.

आता भाऊसाहेब रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतो. "काकू, मी तिला काही बोललो का हो? का येत नाही ती?" मी शेंगा निवडत बसते. सांगितलं तर तो खचेल, नाही सांगितलं तर रोज असाच विचारेल. मंदे, तू ये गं लवकर, चार दिवस काढूनच ये. तिसरं कोणी बसलेलं असलं की मला गप्प राहायला जरा सोपं जातं.