बाकड्यावरची जळजळ

दवाखान्याच्या बाकड्यावर बसलं की दोन गोष्टी वाढत जातात, फाईल आणि किस्से. आमची फाईल जाड झाली, पण किस्से तिच्याहून जाड!

मी एसटीत कंडक्टर होतो, तीस वर्षं. आता रिटायर. गेल्या वर्षी सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, लकवा मारला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हात मात्र मांडीवर पडून. डॉक्टर म्हणाले, "ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधा. रोजची कामं तो हाताला परत शिकवतो."

शोधा म्हणजे कुठं? अख्ख्या परभणीत विचारलं. एकानं मालिशवाल्याचा पत्ता दिला, एकानं हाड बसवणाऱ्याचा. भाच्यानं मोबाईलवर शोधलं तर सगळे पुण्याचे! दोन महिने असेच गेले. मग कळलं, एक तरुण सर मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडहून येतात, आणि बसतात आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. जिना चढून बघतो तर बाकड्यावर मानवतचे शेठजी, कापसाचे व्यापारी! त्यांचाही हात लकव्यानं गेलेला, म्हणून मी सगळ्यात आधी त्यांनाच विचारलं होतं.

"शेठ, तुमी तर परभणीत कुणी न्हाई म्हणलात!"

"सर दिवसाला आठच पेशंट घेतात. गावाला सांगून आपला नंबर कोण घालवील?"

*

सर शेठजींना रबरी चेंडू दाबायला द्यायचे. शेठजी हात लावायचे नाहीत. "हे काय लेकराचं काम हाय का?" मग सरांनी त्यांना दुकानातला कापूस आणायला लावला. व्यापारी पुंजका दोन्ही चिमटींत धरून ओढतात आणि धाग्याची लांबी बघतात, तेच काम. तीन आठवडे चिमूट जमेना. चौथ्या आठवड्यात जमली. पुंजका ओढला गेला, अख्ख्या बाकड्यानं टाळ्या वाजवल्या.

शेठजींनी धागा डोळ्याजवळ नेला आणि ओरडले, "लय आखूड हाय! मी घरी बसलो तर पोरगं काय माल घ्यायलंय बघा!"

मीही टाळ्या वाजवल्या. पण खरं सांगतो, पोटात दुखत होतं.

*

जिंतूरकडच्या राधाबाई शेळ्या राखतात. सरांनी त्यांना ओला स्पंज पिळायला दिला. त्या म्हणाल्या, "पाणी पिळून कुणाचं पोट भरायलंय?" आणि पुढच्या शुक्रवारी जीपमधून शेळीच घेऊन आल्या!

शेळी जिना चढेना. शेवटी सर खाली आले आणि गल्लीतच धार काढायची ट्रीटमेंट सुरू झाली. हात चालला, पण शेळीनं सरांच्या फायलीतला कागद खाल्ला. सर घाबरून म्हणाले, "अहो, रिपोर्ट कुणाचा होता?"

"माझाच असंल. चांगलाच आलेला दिसायलाय, गोड लागला तिला!"

सुमन खदखदून हसली. लकव्यानंतर पहिल्यांदा! तीस वर्षं मी बसभर लोकांना हसवलं, वर्षभर हिच्यापुढं एकेक विनोद टाकतोय, आणि ही हसली कुणाला? शेळीला!

*

आमच्या बाकड्यावरचे आप्पा लिंगायत. त्यांचा डावा हात लकव्यानं गेला होता, आणि पूजेला गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं डाव्या तळहातावर. सून हात धरून पूजा करवायची, पण आप्पांना ती पूजाच वाटायची नाही. सर त्यांना तळहातावर लिंबू ठेवून बसवायचे. एका मंगळवारी आप्पा आले, कपाळभर भस्म, डोळे भरलेले. त्यांनी डावा तळहात सरळ पुढं केला; सकाळची पूजा सुनेनं हात न धरता झाली होती. बाकड्यावरचे सगळे पाया पडले, मीही पडलो.

वाकताना मनात काय आलं माहितीये? यांच्या हातावर देव बसला, आमच्या हिच्या हातात साधी वाटी बसेना! माणूस पाया पडतानाही जळतो.

*

मग स्टँडवर माझा जुना ड्रायव्हर भेटला. त्याच्या भावालाही लकवा. म्हणाला, "परभणीत हाय का कुणी हाताचं बघणारं?" माझ्या तोंडातून गेलं, "न्हाई बाबा, पुण्यालाच जावं लागतंय."

घरी येऊन सुमनला सांगितलं. तिनं डाव्या हातानं फोन उचलला आणि ड्रायव्हरच्या बायकोला पत्ता सांगितला, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसकट. शुक्रवारी आमचा नंबर हुकला!

*

आता खरं ते सांगतो. सगळ्यात जास्त मी जळायचो सरांवर. वर्षभर हिची वेणी मी घालतोय, आणि घरात जप कुणाचा? "सर म्हणतात, मदत करू नका." "सर म्हणतात, तुमचे हात मांडीखाली ठेवून बसा." आणि मी बसायचो!

परवा सकाळी चहा घेत होतो. ही म्हणाली, "सर म्हणालेत..."

माझं डोकंच फिरलं. "सर, सर, सर! मग सरांच्याच घरी जाऊन राहा की! बघू, त्यांना तरी तुझं घोरणं सोसतं का!"

"काय बोलायलाव? लाज हाय का न्हाई?" असं म्हणत तिनं माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

पाठ चुरचुरली. चिडून वळलो, तर हिच्या डाव्या हातात चहाचा कप तसाच. थेंबही सांडला नव्हता. ही आपल्या उजव्या हाताकडं बघत बसलेली.

मी बनियन वर केला, पाठ पुढं केली आणि म्हटलं, "अजून एक मार!"