पेरीनाच्या मांडीवर काय होतं

अँटवर्पमध्ये पेरीनाची आरोळी नदीपलीकडं ऐकू जायची. "वज-डीऽऽ! गरम वज-डीऽऽ!" चाळीस वर्षं उकडलेल्या आतड्यांची टोपली वाहून गुडघे गेले, आवाज तेवढा शाबूत राहिला. आता तिला एकच हवं होतं: चर्चच्या आश्रमात, म्हाताऱ्या बायकांच्या ओळीत एक खाट.

खाट ठरलीसुद्धा. तेवढ्यात आश्रमाच्या मोठ्या बाईंनी शुक्रवारच्या बाजारात एक चित्र पाहिलं. उकळती कढई, झाडूवर बसून धुराड्यातून सटकणाऱ्या बाया, दाढीवाला बोकड आणि मधोमध मांडीवर बेडूक घेऊन बसलेली पेरीना!

लगेच बोलावणं आलं, पेरीनाला आणि चित्र घेऊन विकणाऱ्यालाही. मी शेजारची, म्हणून हात धरून घेऊन गेले. बाई बोलतात सगळं नाकातून. "पेरीना, हें कोंण?"

"तोंड माझंच की, बाई."

"आणि बेडूक?"

पेरीना गडबडली. "वीस वर्षांमागं एका चित्रकारापुढं बसले होते खरी. म्हणाला, तू मारियेची आई, येशूची आजी, संत ॲना. मांडीवर बाळ मारिया. आता बाळ कुठून आणणार? त्यानं कोबी दिला हातात."

"कोबीचा बेडूक झाला?"

"मला काय ठाऊक! थंडगार होता मात्र. ओलापण." ती स्वतःच्या हातांकडं बघू लागली. "बेडूकच होता की काय, बाई? देवाशप्पथ, आता मलाच सांगता येईना."

"मग खाट विसर."

तेव्हा चित्रं विकणारा योस लोण्यासारखा मऊ होत पुढं आला. "बाईसाहेब, बेडूक माझा. म्हणजे, मी वरून रंगवून घेतला. संतांना हल्ली कुत्रं विचारत नाही, चेटकिणी हातोहात जातात. जुन्या चित्राची फळी, वरून नवा रंग, झालं!"

"पूस."

"अहो, गिऱ्हाईक ठरलंय..."

"पूस म्हणते ना! नाहीतर धर्मगुरूंना सांग, बेडूक तुझा म्हणून."

योसनं टर्पेंटाइनचा बोळा फिरवला. बेडकाच्या पाठीतून गुलाबी टाच निघाली, मग गुडघा, मग टोपडं. बाईंनी छातीवर क्रूस केला. मागचा बोकड सगळं बघतच होता.

"रविवारी ये," बाई म्हणाल्या. "दाराजवळची खाट. झाडायचं काम तुला नाही. झाडूला हात लावायचा नाही."

पेरीना जागची हलेना. फळीला नाक लावून बघत राहिली.

"बाळ दिसलं, बाई. पण माझा कोबी? योस, बाबा, आणखी जरा पूस की."