अर्जात राहून गेलेली काकडी

आरमोरीला कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. वीस वर्षं मी तिथं बसून लोकांचे अर्ज टाइप करते. नवरा गेल्यावर याच टेबलानं मुलीला नर्स केलं. ते कोणी नुसतं सरकवलं तरी माझं टाळकं सरकतं.

गेल्या वर्षी मोबाइलच अर्ज लिहायला लागला. या नव्या बुद्धीनं देशाची अर्थव्यवस्था कुठल्या कुठे जाणार, असं पेपरात रोज यायचं. जाऊ दे की! पण जाताना ती माझ्या टेबलावरून चालली होती, ते कोणी छापत नव्हतं. बाजाराच्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत भवानी होईना. गडचिरोलीहून मुलीचा फोन आला, "आई, आता टेबल उचल अन् माह्याकडं ये. महिना संपला की मीच येते न्यायले." मी हो म्हटलं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात जवळच्या गावातल्या मासेमारी करणाऱ्या घरच्या सासू-सुना आल्या. गावचा तलाव मासेमारीसाठी मिळावा, असा अर्ज दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत वाचायचा होता. सुनेनं तो मोबाइलकडून लिहून घेतला होता. "बाई, फक्त टाइप करून द्या," ती म्हणाली.

मी वाचला. खोटं कशाला बोलू, त्याची मराठी माझ्यापेक्षा चांगली होती. मग एका ओळीवर बोट थांबलं. 'संपूर्ण तलाव बाराही महिने केवळ आम्हालाच मिळावा.'

आमच्याकडे उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं, की उघड्या पडलेल्या गाळात भूमिहीन घरं काकडी लावतात. पाण्यातले मासे यांचे, गाळातली काकडी त्यांची. हे कधी कोणी कागदावर लिहिलं नाही, मग मोबाइलला कुठून कळणार? सून चंद्रपूरच्या खाणीकडची, नवीनच लग्न होऊन आलेली. सासूला वाचता येत नाही.

मुकाट्यानं टाइप करून दिलं. मनात म्हटलं, उठू देत उद्या काकडीवाले, पडू दे अर्ज, म्हणजे मोबाइलची अक्कल तालुक्याला कळेल.

दोघी चहाच्या टपरीपर्यंत गेल्या. म्हातारी हळूहळू चालत होती. मला आठवलं, नवऱ्याच्या दिवसांनंतर मी पहिल्यांदा टेबल मांडलं, तेव्हा भवानी तिनंच केली होती. माझी मलाच लाज वाटली.

"अवं बाई, थांबा!" मी ओरडले. "काकडीवाल्यायचं काय?"

म्हातारीनं कपाळावर हात मारला. "हे तं सांगाचंच राह्यलं. सगळ्यायले मालूमच हाय ना, म्हणून."

"मले तं मोबाइलनं विचारलंच नाई," सून म्हणाली.

"तो काऊन विचारन? बस इथी. मी विचारते."

गाळ कोणाचा, काकडी कधी निघते, जाळं कधी टाकायचं, तळाला किती पाणी राखायचं, सगळं विचारलं. सून ते मोबाइलला सांगत गेली. त्यानं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नवा अर्ज लिहिला. मला दोन तास लागले असते. जळले थोडी, पण टाइप करून दिला. ग्रामसभेत काकडीवाल्यांनीही त्याला हात वर केले.

पुढच्या बाजाराला सून चार बायका घेऊन आली. प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये अर्ज तयार. "बाई, लिवाचं नाई. याच्यात काय राह्यलं ते विचारा."

तेव्हापासून टाइप करायचे पैसे मी घेत नाही, विचारायचे घेते.

महिना संपला तशी मुलगी टेबल न्यायला आली. टेबलासमोरच्या बाकावर टेकायला जागा नव्हती. ती गर्दीतून पुढे घुसून म्हणाली, "आई, चाल."

"नंबर लाव," मी म्हटलं.