पोट चोळणारे हात

पंचफुलाबाईंनी आयुष्यभर लोकांची पोटं चोळली. निलंग्याजवळच्या त्यांच्या गावात कुणाचं लेकरू रडून रडून थकलं, की आई एरंडेलाची वाटी घेऊन त्यांच्याच ओसरीवर यायची. डोळे मिटून त्या बेंबीभोवती बोटं फिरवायच्या. "सरकलीया. येती जाग्यावर, येती." स्वतःच्या पोटात गोळा आला तेव्हाही त्यांना तेच वाटलं.

त्याआधी पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली होती. लातूरच्या दवाखान्यातून बऱ्या होऊन आल्या आणि काही आठवड्यांत बरगड्यांखाली पोट तटतटलं. दोन घासांत ओकारी यायची. स्वादुपिंडाभोवती पाणी साचून पिशवी झालीय, डॉक्टर म्हणाले. तिची भिंत जरा पक्की होऊ द्या, मग पाणी काढू. तोवर थांबा.

दुखतं पोट तसंच ठेवून थांबणं पंचफुलाबाईंना ठाऊक नव्हतं. मुलगा भारत शेतात गेला, की त्या सुनेला हाक मारायच्या.

"अयोध्या, तेल आण."

"आत्याबाई, डॉक्टरनं चोळा म्हणलं न्हाई."

"चोळू नका तरी कुठं म्हणलं? दाब जरा. लाडू वळायलीस का?"

अयोध्या चोळत राहिली. मग एका सकाळी सासूला हुडहुडी भरून ताप आला आणि तिला वाटलं, आपल्याच हातांनी आत काहीतरी फुटलं.

पिशवीत पू झाला असावा म्हणून लातूरहून त्यांना नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर जठर काढलं, त्याच्यामागे पिशवी. दुर्बीण तोंडातून जठरात न्यायची. तिच्या टोकालाच सोनोग्राफी. मधल्या रक्तवाहिन्या टाळून जठरातूनच पिशवीला भोक पाडायचं आणि तिथं छोटी नळी बसवायची. घाण पाणी जठरात उतरेल, पोट फाडावं लागणार नाही.

"रक्तस्रावाचा धोका असतो," ते म्हणाले. मग विचारलं, "पोट कुणी चोळलं होतं का?"

अयोध्येनं हात पदरात लपवले.

"मीच," पंचफुलाबाई म्हणाल्या. "खोडच हाय माझी."

"न्हाई. मी चोळलं. रोज."

"गप गं. हिच्या हातात लई जोर हाय व्हय?"

"पिशवी फुटली नाही, हे नशीब," डॉक्टर म्हणाले. "ताप चोळण्यानंच आला, असं मी म्हणणार नाही. पण आता हात लावायचा नाही."

पंचफुलाबाईंना आत नेलं. भारत दारापाशीच उभा राहिला. अयोध्या बाकावर बसून तळवे पदराला पुसत होती. तेल केव्हाच धुतलं होतं, तरी पुसत होती. दार उघडायचं आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं.

शेवटी डॉक्टर आले. "नळी बसली. पू बराच निघाला. पण ताप उतरतो का ते बघू. कदाचित पुन्हा आत जाऊन साफ करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी पोट मऊ पडलं होतं. पंचफुलाबाईंनी सुनेचा हात ओढून त्यावर ठेवला. तिनं चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"डॉक्टर न्हाई म्हणले ना!"

"चोळू नको. नुस्ता ठेव."

अयोध्येनं ठेवला, हाताचा सगळा भार मनगटावर पेलून. गोळा लागत नव्हता. श्वासासोबत पोट वर येत होतं, खाली जात होतं. अंग अजून ऊन होतं. कालच्यापेक्षा कमी, असं तिला वाटलं. खात्री नव्हती, म्हणून तिनं हात तसाच राहू दिला.